४.१० काढून ३.५५ टाकले: माझ्या १९७० शेव्हेलच्या क्राऊन-पिनियनचा दोन उन्हाळ्यांचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी. गाडी शेव्हरोलेची १९७० ची शेव्हेल एसएस ३९६, मन्सी चार स्पीड गिअरबॉक्स, मागे १२ बोल्टचा पॉझी एक्सल, म्हणजे दोन्ही मागची चाकं मिळून ओढणारा. मी घेतली तेव्हा मागच्या एक्सलमधल्या क्राऊन-पिनियनचे, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे वळवणाऱ्या दोन गिअरच्या जोडीचे, रेशो ४.१० होते, आता ३.५५ आहेत, आणि तेव्हापासून गाडी गॅरेजमध्ये कमी आणि रस्त्यावर जास्त असते. ३.५५ ला माझ्याकडून पाच पैकी पाच. ज्या पहिल्या दुकानात ते बसवले त्याला एक, आणि ज्या दुसऱ्या दुकानाने ते काम निस्तरलं त्याला पाच.

आता सविस्तर. मी डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉयमध्ये राहतो. इथे अशी गाडी असली की लोक एकच गोष्ट विचारतात, इंजिन कोणतं. गाडीवर ३९६ लिहिलंय पण १९७० मध्ये ते खरं तर ४०२ घन इंचाचं झालं होतं, कंपनीने बिल्ला तोच ठेवला, त्याचा एल३४ प्रकार म्हणजे ३५० हॉर्सपॉवर आणि ४१५ पाउंड-फूट टॉर्क तोही ३४०० आरपीएमला. हे सगळं लोकांना पाठ असतं. मागे रेशो काय आहे हे मात्र कोणी विचारत नाही, आणि विचारलं आणि मी ४.१० सांगितलं की सगळे "वा!" म्हणायचे. मलाही सुरुवातीला तेच वाटायचं. आधीच्या मालकाने ड्रॅग स्ट्रिपसाठी, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीसाठी बसवले होते, तिथे ते बरोबरच होते त्याच्यासाठी, त्यात त्याची काही चूक नाही.

माझी अडचण पहिल्या मोठ्या प्रवासात कळली. बायको, मुलगी आणि भारतातून आलेले बाबा असे चौघं मॅकिनॉ पूल बघायला निघालो, आय-७५ ने सरळ उत्तरेला, चार तासांचा रस्ता. ७० मैलाच्या वेगाला टॅकोमीटरचा काटा ३७०० वर, आणि तो तिथेच. सगिनॉ येईपर्यंत गाडीत कोणी कोणाशी बोलेनासं झालं कारण बोललेलं ऐकूच येत नव्हतं, मुलीने कानात इअरफोन घातले, बायको खिडकीबाहेर बघत बसली. बाबा मागच्या सीटवर होते. बाबांनी बत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली आहेत, सांगली डेपोला, निम्मं आयुष्य बसच्या खाली झोपून. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा खाली उतरून मागच्या चाकाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, घाटातल्या गाडीचा क्राऊन-पिनियन घालून तू सपाटीला पळवतोयस. इंजिन बिचारं धापा टाकतंय."

तर मुद्दा हा आहे. ४.१० म्हणजे ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा दांडा) ४.१० वेळा फिरतो तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. १२ बोल्टमध्ये ४.१० ला क्राऊनवर (मोठा गिअर) ४१ दात आणि पिनियनवर (छोटा गिअर) १०, ३.५५ ला ३९ आणि ११, ३.७३ ला ४१ आणि ११. आकडा मोठा तसा उठाव जास्त आणि वरच्या वेगाला इंजिन जास्त फिरणार, कारण मन्सीचा चौथा गिअर सरळ १.०० आहे, ओव्हरड्राइव्ह म्हणजे १ पेक्षा लहान गिअर त्यात नाही.

आणि आरपीएम काढायला कुठलं अॅप लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. मैलातला वेग गुणिले रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची उंची इंचात. ३३६ कुठून आला तर एका मैलात ६३,३६० इंच, त्याला ६० मिनिटांनी आणि पायने भागलं की ३३६. माझे तेव्हाचे टायर २३५/६०आर१५, उंची जेमतेम २६ इंच. ७० गुणिले ४.१० गुणिले ३३६ भागिले २६, आलं ३७०९. काट्याने तेच दाखवलं होतं. मग मी त्याच रात्री मॅकिनॉच्या मोटेलमध्ये, बिलाच्या मागच्या बाजूला, बाकीचे मांडले. ३.७३ ला ३३७४, ३.५५ ला ३२११, ३.३१ ला २९९४, ३.०८ ला २७८६. बाबा चष्मा लावून बघत होते.

सगळ्यात खालचा आकडा घेऊन मोकळं व्हावं असं वाटतं ना, मलाही वाटलं होतं. इथेच बहुतेक लोक फसतात. दुसरा हिशोब पहिल्या गिअरचा असतो. गिअरबॉक्सचा पहिला गिअर गुणिले मागचा रेशो, हा जो आकडा येतो तो सिग्नलवरून गाडी कशी उठते ते सांगतो. रस्त्यावरच्या मॅन्युअल गाडीला तो साधारण ९ ते १० च्या आसपास असला की क्लच जळत नाही आणि पहिला गिअर लगेच संपतही नाही. मन्सीचे दोन प्रकार इथे फार महत्त्वाचे, एम२० चा पहिला गिअर २.५२ आणि एम२१ चा २.२०. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. माझ्या गाडीत एम२० आहे. म्हणजे माझं २.५२ गुणिले ४.१० होत होतं १०.३३, ट्रॅक्टर झाला तो, क्लच सोडला की पाच सेकंदात दुसरा टाकावाच लागायचा. ३.०८ घातले असते तर ७.७६, सिग्नलवर गाडी ओढत नेल्यासारखी. ३.३१ ला ८.३४. आणि ३.५५ ला ८.९५.

आता हे बघा, मला हे सापडलं तेव्हा मी बिलाचा कागद बाबांच्या पुढे सरकवला. त्या काळचं एक नावाजलेलं जोडकाम म्हणजे एम२१ आणि ४.१०, लोक अजून त्याच्या आठवणी काढतात. २.२० गुणिले ४.१० किती? ९.०२. आणि माझं एम२० आणि ३.५५ किती, ८.९५. म्हणजे पहिल्या गिअरचा उठाव जवळजवळ तोच आणि हायवेला मात्र ५०० आरपीएम कमी. गिअरचे टप्पे एम२० चे लांब पडतात हे खरं, तिसऱ्यावरून चौथ्यात जाताना जास्त खाली पडतं इंजिन, पण ४०२ ला खालीच एवढा टॉर्क आहे की त्याला काही वाटत नाही.

हा शेवटचा मुद्दा इंजिनाप्रमाणे बदलतो, त्यामुळे माझा आकडा आंधळेपणाने उचलू नका. १९६९ ची कमॅरो झी/२८ असेल तर ते ३०२ चं छोटं इंजिन वरच्या आरपीएमलाच जिवंत होतं, त्याला कंपनीनेच ३.७३ दिले होते आणि ते कमी करणं म्हणजे गाडीचा जीव काढणं. उलट ब्यूइक ४५५ सारख्या इंजिनाला २८०० लाच ५१० पाउंड-फूट टॉर्क आहे, त्याला मोठा रेशो दिला की टायर फक्त जळतात. आमच्या मराठी मित्रमंडळातल्या एकाकडे १९६६ ची मस्टँग आहे, २८९ इंजिन आणि सी४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागे २.८० होते. त्याची तक्रार माझ्या बरोबर उलटी, हायवेला छान पण शहरात मेलेली. सी४ चा पहिला गिअर २.४६, गुणिले २.८० म्हणजे ६.९, कशी उठणार. त्याने ३.२५ घातले, ८ झाले, खुश आहे. त्याच्याकडे फोर्डचा ८ इंची एक्सल, त्यात मधला गोळा पुढून अख्खा बाहेर निघतो, टेबलावर ठेवून सेट करून परत बसवता येतो. ९ इंचीचंही तसंच. फोर्डवाल्यांना आणखी एक सुख, बोल्टला पत्र्याचा टॅग असतो, त्यावर ३एल५० असं काही असेल तर ३.५० आणि एल म्हणजे लॉकिंग. आमच्या १२ बोल्टला मागचं झाकण काढून गाडीखालीच सगळं काम करावं लागतं.

आणि ओव्हरड्राइव्हवाले, तुमचं गणित वेगळं. पाच स्पीडचा ट्रेमेक गिअरबॉक्स टाकला आणि पाचवा ०.६८ असेल तर ४.१० हायवेला २.७९ सारखे वागतात, मग हायवेसाठी ४.१० काढायचं कारण राहत नाही, आणि ३.५५ ठेवले तर पाचव्यात २.४१ होतात. मी तो विचार केला होता, पण गिअरबॉक्स, क्रॉसमेंबर, ड्राइव्हशाफ्ट सगळं धरून काही हजार डॉलर, आणि माझी मूळ मन्सी काढायला माझं मन झालं नाही.

बरं, विकत घेण्याआधी एक गोष्ट नक्की करा, आत्ता गाडीत काय आहे ते स्वतः मोजा. एक्सलच्या नळीवर कोड ठोकलेला असतो पण तो फॅक्टरीतून निघताना काय होतं ते सांगतो, पन्नास वर्षांत आत कोणी काय भरलंय ते नाही. आम्ही ड्राइव्हवेत दोन्ही मागची चाकं वर उचलली, स्टँड लावले, पुढच्या चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रल. टायरवर खडूची एक खूण, ड्राइव्हशाफ्टवर एक. मी चाक हाताने हळूहळू फिरवत होतो आणि बाबा खाली आडवे पडून शाफ्टची खूण मोजत होते, एक, दोन, तीन, चार... आणि चौथ्यानंतर खूण जराशीच पुढे जाऊन थांबली. चार आणि थोडं, म्हणजे ४.१०. पॉझी असल्यामुळे दोन्ही चाकं एकत्र फिरतात म्हणून एक फेरा पुरतो. साधं डिफरन्शियल असेल तर एक चाक धरून ठेवा आणि दुसऱ्याला दोन फेरे द्या.

१२ बोल्टमध्ये एक मोठी मेख आहे ती खरेदीच्या आधी कळलेली बरी. क्राऊन ज्या कॅरियरवर बसतो तो रेशोप्रमाणे वेगळा येतो. ३.०८ ते ३.७३ ला थ्री सीरिज, त्याच्या वरच्यांना फोर सीरिज. फोर सीरिजच्या कॅरियरवर ३.५५ बसतच नाहीत, क्राऊन पिनियनच्या अंगावर येतो, म्हणजे पॉझीचं अख्खं युनिट नवं घ्यावं लागतं आणि खर्च दुपटीवर जातो. उलटं मात्र जमतं, थ्री सीरिजवर जाड क्राऊन घालून ४.१० बसवता येतात. झाकण उघडेपर्यंत मला धाकधूक होती. उघडलं, काळं तेल ट्रेमध्ये गेलं, चिंधीने क्राऊन पुसला तर कडेवर ४१-१० ठोकलेलं, आणि क्राऊन चांगला जाडजूड. आधीच्या मालकाने मूळ पॉझी तशीच ठेवून जाड क्राऊन घातला होता. माझे सहज पाचशे-सहाशे डॉलर वाचले त्या दिवशी.

मी घेतला तो सेट युकॉन कंपनीचा ३.५५, अडीचशे डॉलरच्या आसपास, आणि बेअरिंग, सील, शिम (जागा नेमकी करायच्या पातळ चकत्या), क्रश स्लीव्ह (घट्ट करताना दबणारी नळी) असं सगळं असलेलं किट दीडशेला वेगळं. माल उत्तम, दातांचं फिनिशिंग हाताला लागतं तेव्हाच कळतं. सेटची कुठलीच तक्रार नाही.

तक्रार पहिल्या दुकानाची. नाव लिहीत नाही, पण काय झालं ते सांगणं भाग आहे म्हणजे तुम्ही विचारून घ्याल. सकाळी गाडी दिली, दुपारी चारला तयार. तेव्हाच शंका यायला हवी होती. ५५ मैलाला मागून बारीक सूर सुरू व्हायचा, शिट्टीसारखा, आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की तो वाढायचा. परत गेलो तर म्हणाले जुन्या गाड्या आवाज करतातच, चालवा म्हणजे बसेल. गिअरचा आवाज चालवून बसत नाही हो, तो वाढतो. बाबा तेव्हा अजून इथेच होते, एक फेरी मारली आणि म्हणाले, "पाय सोडला की रडतंय. बसवताना कुणीतरी आळस केलाय. जास्त चालवू नको, दात खराब होतील." १२० मैलांवर मी गाडी थांबवली.

दुसरं दुकान फ्लिंटच्या बाजूला, दोन लिफ्टचं, सत्तरीचा एक माणूस आणि त्याचा मदतनीस, काम फक्त एक्सलचं. त्याने झाकण उघडलं, दातांना पिवळा रंग लावला, क्राऊनला फळीने अडवून ताण दिला आणि फिरवला. मग आम्हाला दोघांना बोलावून टॉर्च धरला. रंग दाताच्या मधून पुसला जायला हवा, तो पार कडेला सरकलेला होता. किटमधली नवी बेअरिंग लावलीच नव्हती, जुनी तशीच, पिनियनच्या खालची शिमही जुनीच, म्हणजे पिनियनची खोली कोणी मोजलीच नव्हती. नवीन गिअर आले की खोली नव्याने काढावी लागते, जुनी शिम चालेलच असं नसतं.

त्याने दोन दिवस घेतले. पिनियन चार वेळा आत-बाहेर झाला. नवी बेअरिंग, नवी क्रश स्लीव्ह, पिनियनचा प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा ताण, इंच-पाउंडच्या पान्याने तपासला, मग डायल लावून प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, मोजला, आठ थाऊ, म्हणजे ०.००८ इंच, ६ ते १० च्या बरोबर मधे. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी घ्यायला गेलो तेव्हा झाकण त्याने मुद्दाम बंद केलं नव्हतं. बाबांना इंग्रजी येत नाही. त्याने पिवळ्या रंगातला तो स्वच्छ लांबट डाग दाखवला, दाताच्या अगदी मधोमध, दोन्ही बाजूंना, आणि बाबांनी तो बोटाच्या टोकाने हलकेच चाचपला आणि त्याच्याकडे बघून मान हलवली. त्याने हात पुढे केला, बाबांनी आधी स्वतःचा हात शर्टाला पुसला आणि मग मिळवला. मजुरी साडेपाचशे डॉलर. मी दोनदा मजुरी दिली पण दुसऱ्यांदा देताना काही वाटलं नाही.

तुम्ही दुकान निवडाल तेव्हा त्यांना सरळ विचारा की पॅटर्नचा, म्हणजे दातांवरच्या त्या रंगाच्या डागाचा, फोटो द्याल का आणि प्ले किती ठेवलाय ते बिलावर लिहाल का. जो करतो तो आनंदाने हो म्हणतो.

ब्रेक-इन नीट करा, इथे घाई नको. आम्ही वीस मैल सावकाश चालवली, अर्धा-पाऊण तास पूर्ण थंड होऊ दिली, असं तीन-चार वेळा, आणि पहिले ५०० मैल टायर जाळणं वगैरे काही नाही. ५०० ला तेल बदललं, ८०डब्ल्यू-९० आणि त्यात पॉझीचं अॅडिटिव्ह. ते अॅडिटिव्ह विसरलात तर पार्किंगमध्ये वळताना मागून कडकड होते आणि लोकांना वाटतं गिअर गेले. निघालेल्या तेलात राखाडी मऊ पेस्ट होती, ती चालते. कण किंवा कपचे दिसले तर मात्र थांबायचं.

स्पीडोमीटर विसरू नका, हे मी सगळ्यांना सांगतो. काटा गिअरबॉक्सच्या शेपटातून चालतो, म्हणजे तो ड्राइव्हशाफ्ट मोजतो, चाक नाही. ४.१० च्या हिशोबाने लावलेला काटा ३.५५ वर ६० दाखवतो तेव्हा तुम्ही खरे ६९ ला असता. फोनच्या जीपीएसवर बघितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. मन्सीच्या बाजूला एक बोल्ट काढला की आतला छोटा रंगीत प्लास्टिकचा गिअर निघतो, दातांच्या संख्येप्रमाणे रंग वेगळा, काही डॉलरचा पार्ट आणि अर्ध्या तासाचं काम.

या उन्हाळ्यात मागचे टायर झिजले म्हणून २५५/६०आर१५ घातले, उंची २७ इंच, आणि त्याचाही फरक पडतो, ३.५५ आता जुन्या टायरवरच्या ३.४२ सारखे वागतात. ७० ला काटा ३१०० च्या जरासा खाली. म्हणजे सुरुवातीपेक्षा सहाशेने कमी. पेट्रोल हायवेला आधी गॅलनला ११ मैल द्यायची, आता साडेबारा ते तेरा. आणि ज्यांना भीती वाटते की गाडी मऊ होईल त्यांच्यासाठी, ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावरच्या ड्रीम क्रूझला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मेळ्याला, दिवसभर सिग्नल ते सिग्नल चालवली, दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की अजूनही सीटला पाठ चिकटते. पहिला गिअर आता चौकाच्या पलीकडेपर्यंत पुरतो, हे मला सगळ्यात जास्त आवडतं. ३.३१ घेतले असते तर हायवे आणखी शांत झाला असता हे मान्य, ज्यांचं सगळं चालवणं लांबचंच आहे आणि एम२० आहे त्यांनी तेच घ्यावेत. माझं निम्मं गावात, निम्मं आय-७५ ला.

बाबा आता सांगलीला आहेत. गेल्या महिन्यात मॅकिनॉला परत गेलो तेव्हा बायकोने पुलाच्या अलीकडून त्यांना व्हिडिओ कॉल लावला, ७० चा वेग होता. त्यांनी तिला फोन मागच्या सीटवर खाली, फ्लोअरजवळ धरायला सांगितला. मिनिटभर काही बोलले नाहीत, नुसतं ऐकत होते. मग म्हणाले, "चांगलं बसवलंय. तेल कधी बदललंस?"